बौद्ध संस्थेतून बाहेर पडताना: कागल तालुक्यातील एका उपासकाला उत्तर

जयभीम.

तुमचे पत्र मिळाले. ते सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते. हे उत्तर इतरांनाही उपयोगी पडावे यासाठी ओळख पटेल असे तपशील वगळून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही कागल तालुक्यातले, वय ४३, गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. १४ वर्षे एका बौद्ध संस्थेत आहात आणि गेली ५ वर्षे तिचे सहखजिनदार आहात. विहाराच्या बांधकामासाठी जमलेल्या रकमेचा हिशोब तुम्ही सभेत मागितला, तेव्हा तुमची श्रद्धा डळमळीत झाल्याचे सांगून विषय बंद करण्यात आला. शिबिराला आलेल्या एका तरुण मुलीने मुख्य शिक्षकांच्या वागण्याबद्दल केलेली तक्रार इतिवृत्तात लिहिलीच गेली नाही. तुम्ही बाहेर पडण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा हा समाजाशी आणि बाबासाहेबांशी द्रोह आहे, असे तुम्हाला सुनावले गेले. तुम्ही विचारता की संस्था सोडावी का, सोडायची तर कशी, आणि नंतर धम्माशी आपले नाते काय उरते.

मी कोल्हापुरात मानसोपचार विभागात समाजकार्यकर्ती म्हणून २६ वर्षे काम केले आणि त्यातली १७ वर्षे एका बौद्ध संस्थेत शिबिरेही घेत होते. ती संस्था मी ११ वर्षांपूर्वी सोडली. तेव्हापासून इचलकरंजीपासून गडहिंग्लजपर्यंतची बरीच माणसे हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे येऊन बसली आहेत. पुढच्या लिहिण्यात थोडा ग्रंथांचा आधार आहे, थोडा कायद्याचा, आणि बराचसा या माणसांच्या सहवासातून आलेला आहे.

माझे मत आधीच सांगते. तुम्ही लिहिले आहे तशीच परिस्थिती असेल, तर तुम्ही बाहेर पडावे. मात्र सहखजिनदार म्हणून अंगावर असलेली जबाबदारी कागदोपत्री मोकळी करून मगच पडावे. उद्याच्या रविवारी रागाने उठून जाणे आणि पुढच्या चार महिन्यांत नीट निघणे यांत, तुमच्यासाठी आणि त्या मुलीसाठीही, फार मोठा फरक आहे.

तुमच्या पत्रात सर्वांत जास्त जागा 'द्रोह' या शब्दाने घेतली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तुम्ही दर रविवारी संघवंदना म्हणता. 'सुपटिपन्नो भगवतो सावकसंघो' या शब्दांनी सुरू होणाऱ्या त्या वंदनेत आपण कोणत्या संघाला वंदन करतो हे स्पष्ट सांगितलेले आहे: 'यदिदं चत्तारि पुरिसयुगानि अट्ठ पुरिसपुग्गला'. स्रोतापत्तीपासून अर्हत्त्वापर्यंतच्या चार अवस्थांच्या मार्गावर असलेल्या आणि त्यांच्या फळाला पोचलेल्या व्यक्तींच्या या चार जोड्या आहेत. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली कार्यकारिणी या व्याख्येत येत नाही आणि तिने यावे अशी अपेक्षाही नाही. तिचे काम निराळे आणि आपल्या जागी मोलाचे आहे. त्याच वंदनेत पुढे 'नत्थि मे सरणं अञ्ञं, संघो मे सरणं वरं' असे येते. तुमच्या मुख्य शिक्षकांनी या ओळीचा अर्थ 'ही संस्था सोडून दुसरीकडे जायचे नाही' असा लावल्याचे तुम्ही लिहिता. बुद्ध, धम्म आणि संघ यांखेरीज दुसरे शरण नाही असे म्हणणारी ओळ संस्थेसाठी वापरणे म्हणजे तीन शरणांत चौथ्याची भर घालणे आहे, आणि ती भर घालण्याचा अधिकार कोणालाही नाही.

शाक्य कुळातल्या महानामाने भगवंतांना, म्हणजे बुद्धांना, हाच प्रश्न विचारला होता की माणूस उपासक केव्हा होतो. पाली त्रिपिटकातल्या अंगुत्तर निकायात आलेले उत्तर अगदी छोटे आहे: तो बुद्धाला, धम्माला आणि संघाला शरण जातो तेव्हा. तो शीलवान केव्हा होतो, तर पंचशील पाळतो तेव्हा. तुम्ही राजीनामा दिल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्रिशरण म्हटले, तर तुम्ही आदल्या दिवशी जितके उपासक होता तितकेच असाल. महापरिनिर्वाणानंतर मगधाचा महामंत्री वस्सकार याने भन्ते आनंदांना विचारले की बुद्धांनी आपल्या पश्चात तुमचा आधार म्हणून एखाद्या भिक्खूची नेमणूक केली आहे का. आनंदांनी नाही म्हणून सांगितले, आणि त्यामुळे आम्ही निराधार झालेलो नाही, धम्म हाच आमचा आधार आहे, असे उत्तर दिले. मज्झिम निकायातील गोपकमोग्गल्लान सुत्तात हा संवाद आहे. तो आपल्या विहारांतून फारसा वाचला जात नाही. वाचला जावा असे मला मनापासून वाटते.

आता बाबासाहेबांविषयी. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात त्यांनी सांगितले होते की संसदीय कामकाजाची रीत भारताला नवीन नाही. ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, निंदाव्यंजक ठराव हे सारे बौद्ध संघ जाणत होते आणि पाळत होते. त्याच भाषणात राजकारणातील विभूतिपूजा अधोगतीकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असा इशाराही त्यांनी दिला. तो इशारा राजकारणापुरता होता हे खरे. पण संघाविषयी त्यांनी जे सांगितले ते थेट आपल्याविषयी आहे. ज्या धम्मसंघाची ओळख त्यांनी मतदान आणि ठराव या शब्दांनी करून दिली, त्याच्या नावाने चालणाऱ्या संस्थेत हिशोब मागणाऱ्याला अश्रद्ध ठरवले जात असेल, तर बाबासाहेबांपासून दूर कोण गेले हे सभेतल्या प्रत्येकाने स्वतःला विचारावे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी भिक्खूविषयी उभा केलेला प्रश्नही आठवा: भिक्खू निर्माण करण्यामागे परिपूर्ण माणूस घडवण्याचा हेतू होता, की लोकांची सेवा करणारा, त्यांचा मित्र आणि मार्गदर्शक घडवण्याचा? धम्माच्या भवितव्याशी त्यांनी हा प्रश्न जोडला होता.

हे सगळे ग्रंथांतून पटले तरी आपल्या जिल्ह्यात पाय निघत नाही, याचे कारण मला माहीत आहे. मार्च १९२० मध्ये माणगावला परिषद झाली, तिथे शाहू महाराजांनी बाबासाहेबांचे नेतृत्व जाहीरपणे उचलून धरले. तेव्हाचे माणगाव तुमच्याच कागल जहागिरीतले होते. कोल्हापूरच्या बिंदू चौकात बाबासाहेबांचा पुतळा १९५० साली, ते हयात असताना उभा राहिला. इथे चळवळ पुस्तकातून आलेली नाही, ती आजोबांच्या तोंडून आलेली आहे. त्यामुळे बाबासाहेबांची तसबीर लावून बसलेली कोणतीही संस्था आपल्याला त्यांचीच सावली वाटते. शिवाय संस्था म्हणजे नुसती वंदना नसते. मुलांची अभ्यासिका तिथे असते, लग्न लावायला बौद्धाचार्य तिथून येतात, मयताला माणसे तिथून धावतात. तुमच्या आई गेल्या तेव्हा रात्री साडेअकराला शाखेतली ३५ माणसे दारात उभी होती, जलदान विधीपर्यंत तुमच्या घरची चूल त्यांनीच सांभाळली, हे तुम्ही लिहिले आहे, आणि पत्रातला तो परिच्छेद वाचताना मला थांबावे लागले. त्या माणसांचे ऋण खरे आहे. ते त्या माणसांचे आहे, आणि त्यांच्या घरी असा प्रसंग आला की तुम्ही मध्यरात्री उठून जाऊन ते फेडाल. हिशोबावर डोळे मिटून सही करणे हा ते फेडण्याचा मार्ग होऊ शकत नाही.

परदेशातही हे घडले आहे. तिबेटी परंपरेतल्या रिग्पा या संस्थेच्या आठ जुन्या शिष्यांनी जुलै २०१७ मध्ये आपले गुरू सोग्याल रिन्पोचे यांना स्वतःच्या सह्यांचे पत्र लिहिले आणि त्यात मारहाण, लैंगिक शोषण आणि पैशांचा गैरवापर यांविषयी आपण काय पाहिले व सोसले ते नेमके मांडले. पुढच्याच महिन्यात ते संस्थेच्या प्रमुखपदावरून दूर झाले, आणि २०१८ मध्ये एका स्वतंत्र कायदेविषयक कंपनीच्या अहवालात बऱ्याच आरोपांना दुजोरा मिळाला. त्या पत्राचे बळ विशेषणांत नव्हते. पाहिलेल्या आणि सोसलेल्या गोष्टी नावानिशी सह्या करून लिहिण्यात होते. पण त्या आठ जणांत आणि तुमच्यात एक फरक आहे. लंडन-पॅरिसचा साधक संस्था सोडतो तेव्हा एक वर्तुळ गमावतो. तुम्ही सोडाल तेव्हा तीच माणसे सकाळी दूध आणताना, शाळेच्या फाटकाशी आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भेटणार आहेत. म्हणून आपल्याकडे बाहेर पडण्याची रीत जास्त जपावी लागते.

बाहेर पडण्याला आधार काय, असे विचारणाऱ्यांना मी कोसंबीची गोष्ट सांगते. विनयपिटकाच्या महावग्गात ती आहे. क्षुल्लक कारणावरून तिथल्या भिक्खूंमध्ये तट पडले, भगवंतांनी पुन्हापुन्हा समजावले, आणि आमचे आम्ही पाहू, आपण स्वस्थ असावे, असे उत्तर त्यांना मिळाले. तेव्हा त्यांनी आपली जागा स्वतः आवरली, पात्र आणि चीवर घेतले आणि तिथून निघून पुढे पारिलेय्यकाच्या वनात एकटेच जाऊन राहिले. पुढे काय झाले ते आपल्यासाठी अधिक महत्त्वाचे आहे. कोसंबीच्या उपासकांनी त्या भिक्खूंना वंदन करणे आणि भिक्षा देणे थांबवले, आणि मगच ते भिक्खू श्रावस्तीला जाऊन भांडण मिटवायला तयार झाले. उपासकांनी पाठिंबा काढून घेणे ही धम्मातली जुनी, मान्य असलेली कृती आहे. अंगुत्तर निकायाच्या अट्ठक निपातात तर उपासकांचे नुकसान करू पाहणाऱ्या, त्यांना अपशब्द बोलणाऱ्या, त्यांच्यात फूट पाडणाऱ्या भिक्खूबद्दल उपासकांनी 'अप्पसाद', म्हणजे आपला विश्वास उरलेला नाही हे जाहीर करावे, असे सांगितले आहे.

गुरूची पारख करणे हे पाप आहे का, असेही तुम्ही विचारले आहे. मज्झिम निकायातील वीमंसक सुत्तात भगवंत स्वतः तथागताचीही परीक्षा करायला सांगतात, आणि तीही डोळ्यांनी दिसणाऱ्या व कानांनी ऐकू येणाऱ्या गोष्टींवरून. त्या सुत्तातली एक गोष्ट मी शिबिरांत अनेकदा वाचली होती, पण तिचा अर्थ मला फार उशिरा कळला: काही दोष भिक्खूमध्ये तो प्रसिद्ध होईपर्यंत आढळत नाहीत, नावलौकिक झाल्यावर आढळतात. तुमचे शिक्षक १४ वर्षांपूर्वी सायकलवरून वस्तीत येऊन मुलांना पाली शिकवत होते, ते तेव्हा खोटे नव्हते. तेव्हा खरे होते म्हणून आजही तसेच असले पाहिजेत, हा हिशोब मात्र बरोबर नाही. हे लक्षात आले की 'माझी १४ वर्षे फुकट गेली' ही जाळणारी भावना पुष्कळ सौम्य होते, कारण त्या वर्षांत तुम्ही दारू सोडली, पाली वाचायला शिकलात, आणि ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

आता कागदोपत्री काय करायचे ते. तुमची संस्था विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली आहे, त्यामुळे तिला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू आहे. तुमचे नाव शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीत असेल, तर नुसता राजीनामा देऊन तुम्ही मोकळे होत नाही. राजीनामा सभेत मंजूर व्हावा लागतो, आणि तो बदल झाल्यापासून ९० दिवसांत कलम २२ प्रमाणे चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, धर्मादाय कार्यालयात दाखल व्हावा लागतो. संस्था तो दाखल करत नसेल, तर राजीनाम्याची पोच घेतलेली प्रत तुम्ही स्वतः त्या कार्यालयात अर्जासोबत द्या आणि त्याचीही पोच घ्या. मी पाहिलेल्या एका प्रकरणात संस्था सोडून चार वर्षे झालेल्या माणसाला लेखापरीक्षणाच्या त्रुटींबद्दल नोटीस आली, कारण कागदावर तो अजून विश्वस्त होता.

बँकेचे काम त्याहून तातडीचे आहे. खात्यावर तुमची दुसरी सही चालते आणि सोयीसाठी तुम्ही कोऱ्या चेकांवर सह्या करून चेकबुक कपाटात ठेवले आहे, असे तुम्ही सहज लिहून गेलात. मला मात्र संपूर्ण पत्रात सर्वांत काळजी त्या वाक्याची वाटली. उद्याच ते चेक परत घ्या किंवा रद्द करा. मिळाले नाहीत, तर त्यांचे क्रमांक लिहून बँकेला लेखी द्या, त्यांचे पेमेंट थांबवायला सांगा आणि आपला सहीचा अधिकार काढून घेण्याचे पत्र त्याच दिवशी द्या. तुमच्याकडे असलेली पावती पुस्तके, कॅशबुक, शिक्के आणि रोख शिल्लक यांची यादी दोन प्रतींत करा. चालू पावती पुस्तकात शेवटची फाडलेली पावती कितव्या क्रमांकाची आहे तेही त्यात लिहा. आणि ताब्यात घेणाऱ्याची तारखेसह सही घेतल्याखेरीज एकही वस्तू देऊ नका. स्वतःच्या माहितीसाठी या पानांचे फोटो जरूर काढून ठेवा, मूळ कागद मात्र घरी आणू नका.

हिशोबाची तुमची शंका तुम्हाला पुढे न्यायची असेल, तर त्याचा मार्ग सभेतल्या वादातून जात नाही. विश्वस्त संस्थेला दरवर्षी लेखापरीक्षण करून अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. त्याच्या नकला शुल्क भरून मिळतात, त्या आधी काढा आणि तुमच्या कॅशबुकाशी ताडून पाहा. तफावत खरीच निघाली, तर विश्वस्त किंवा हितसंबंध असलेली व्यक्ती कलम ४१ड खाली विश्वस्तांना निलंबित किंवा दूर करण्यासाठी अर्ज करू शकते. तफावत निघाली नाही, तर तेही प्रामाणिकपणे मान्य करा. कामाची पद्धत चुकीची होती पण पैसा जागेवर होता, असेही होते, आणि मी ते पाहिले आहे. तुम्ही दिलेल्या देणग्या परत मागता येणार नाहीत. स्लॅबच्या वेळी हातउसने म्हणून दिलेले ८०,००० रुपये ही निराळी गोष्ट आहे. त्याचा कागद किंवा बँकेची नोंद असेल तर वेगळ्या पत्राने ते मागा, आणि तीन वर्षांची मुदत टळू देऊ नका. हे पत्र आणि राजीनामा एकाच पाकिटात कधीही घालू नका.

त्या मुलीबद्दल मी अधिक सावधपणे लिहिते. ती तक्रार तिची आहे. तुमच्या राजीनाम्याचे कारण म्हणून, सभेत मांडायचा मुद्दा म्हणून किंवा हिशोबाच्या भांडणातले वजन म्हणून ती वापरू नका. तुमचा हेतू चांगला असला तरी चर्चा तिची सुरू होईल आणि तुमचे प्रश्न बाजूला राहतील. तुमच्या पत्नीमार्फत किंवा तिचा विश्वास असलेल्या एखाद्या बाईमार्फत तिला एवढेच कळवा की तुम्ही तिची तक्रार ऐकली होती आणि गरज पडली तर ते लेखी सांगायला तयार आहात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा विश्वस्त संस्थांनाही लागू आहे आणि जिल्हा पातळीवर त्यासाठी स्थानिक समिती असते. तिथे तक्रार करायला घटनेपासून तीन महिन्यांची मुदत आहे आणि कारण पटले तर ती आणखी तीन महिने वाढू शकते, हेही तिच्यापर्यंत पोचू द्या. पोलिसांकडे जाण्याचा मार्ग याखेरीज आहेच. निर्णय तिचा राहील. ती तेव्हा १८ वर्षांखालील होती असे कळले, तर मात्र चित्र पूर्ण बदलते. पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याप्रमाणे, माहिती असलेल्या माणसाला गप्प बसता येत नाही, आणि तुम्हीही बसू नये.

राजीनामा किती मोठा असावा, याचे उत्तर माझ्या चुकीतून देते. मी ११ पानी राजीनामा लिहिला होता. त्यात १७ वर्षांतल्या प्रत्येक गोष्टीचा पाढा होता, आणि बिंदू चौकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात त्याच्या ४० प्रती काढून मी त्या प्रत्येक उपासिकेच्या घरी पोचवल्या. त्यातला शब्दन् शब्द मला आजही खरा वाटतो. परिणाम असा झाला की ज्या बाया माझ्याबरोबर पहाटे पोहाळ्याच्या लेण्यांत ध्यानाला येत, आपल्या सासवांची दुखणी माझ्यापाशी बोलत, त्यांना एका आठवड्यात ठरवावे लागले की त्या कोणाच्या बाजूने आहेत. बहुतेकींनी विहाराची बाजू घेतली, कारण त्यांची मुले तिथल्या अभ्यासिकेत होती. त्यांना मी त्या कात्रीत पकडायला नको होते. तुम्ही पाच ओळी लिहा: पद, तारीख, राजीनामा, ताबा दिल्याची यादी सोबत, आणि शिकवल्याबद्दल आभार, जर ते मनातून येत असतील तर. बाकीचे सगळे एका वहीत लिहून घरात ठेवा.

आणखी एक गोष्ट माझ्याकडून राहिली होती. विहाराच्या मागच्या दाराची किल्ली माझ्या स्वयंपाकघरात हळदीच्या डब्यामागे आठ महिने पडून होती. कोणी मागितली नाही आणि मी दिली नाही. दर रविवारी संध्याकाळी सहा वाजले की माझा हात त्या डब्याकडे जायचा, आणि मग मी चहा टाकायचे. नवव्या महिन्यात मी ती किल्ली एका जुन्या मैत्रिणीच्या हाती दिली. ती दारातच उभी राहिली, मी तिला आत बोलावले, आणि आम्ही संस्थेबद्दल एक शब्दही न बोलता तासभर बसलो. तुमच्याकडे किल्ली असेल तर ती यादीत लिहून पहिल्याच दिवशी द्या. आणि रविवारच्या संध्याकाळी सहाचे काय करायचे, हे आधी ठरवून ठेवा. सोडणाऱ्यांना सर्वांत जास्त त्रास मतभेदांचा होत नाही, त्या रिकाम्या वेळेचा होतो. हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकले आहे की ते आता खात्रीने सांगते.

ध्यानाबद्दल. तुम्ही लिहिता की डोळे मिटले की शिक्षकांचाच आवाज ऐकू येतो, छाती भरून येते आणि बसवत नाही. हे स्वाभाविक आहे, कारण वर्षानुवर्षे तुमचे मन त्या आवाजाबरोबरच शांत व्हायला शिकले. काही दिवस बैठक बंद ठेवली तर काही बिघडत नाही. त्याऐवजी चालण्याचे ध्यान करा. पहाटे रंकाळ्यावर किंवा घराजवळच्या रस्त्यावर २० मिनिटे, पाय टेकतो आणि उचलतो एवढेच लक्षात घेत. नंतर आनापानाला, म्हणजे श्वासावरच्या ध्यानाला, बसाल तेव्हा जागा बदला, वेळ बदला, ध्वनिमुद्रित सूचना लावू नका आणि १० मिनिटांवर उठा. ज्यांच्यावर राग आहे त्यांच्यासाठी मैत्रीभावना इतक्यात करू नका. परंपरेतही मैत्रीची सुरुवात स्वतःपासून करायला सांगतात आणि वैऱ्याचा क्रम शेवटी येतो. दोन-तीन महिन्यांनीही झोप लागत नसेल, कामावर चित्त नसेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यात श्रद्धेची कमतरता मानू नका. आणि पहिला वर्षावास पूर्ण होईपर्यंत दुसऱ्या कोणत्याही संस्थेत प्रवेश करू नका. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत घरीच 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचा, रोज पाच पाने. तीन महिन्यांत ग्रंथ पूर्ण झाला नाही तरी चालेल.

तुमच्या पत्नीला महिला मंडळ सोडायचे नाही, आणि त्यावरून घरात दोनदा वाद झाला आहे. त्यांना राहू द्या. त्यांच्या मैत्रिणी तिथे आहेत, आणि तुम्ही ज्या स्वातंत्र्यासाठी निघत आहात ते त्यांनाही आहे. त्या शिबिरातून आल्यावर तिथे काय झाले हे विचारू नका. जेवण झाले का, एवढे विचारा.

संस्था सोडली तर तुमच्या मुलीच्या जातीच्या दाखल्याला अडचण येईल, अशी तुम्हाला घातलेली भीती निराधार आहे. १९९० मधल्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात बौद्धांचा समावेश झालेला आहे. दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो, पडताळणी समिती १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचे आणि जातीच्या नोंदीचे पुरावे पाहते, त्यामुळे आजोबांचा शाळेचा दाखला जपून ठेवा. तुम्ही कोणत्या संस्थेचे सभासद आहात याच्याशी त्याचा संबंध नाही. लग्नाचेही तसेच आहे: कोणत्याही जाणत्या उपासकाने विधी करावा आणि नोंदणी विवाह निबंधकांकडे करावी.

शेवटी तुम्ही विचारले आहे की पुढच्या महिन्यात आईंचे पहिले वर्ष आहे, आणि संस्था सोडली तर पुण्यानुमोदनाला परित्राण पाठ, म्हणजे मंगलासाठी म्हणायच्या सुत्तांचा पाठ, कोण घेणार. तुम्हीच घ्या. तुम्हाला १४ वर्षांत तो शंभर वेळा ऐकून पाठ झाला आहे. आईंचा फोटो, पाण्याचा तांब्या, पांढरा दोरा आणि पुस्तक समोर ठेवा. ती ३५ माणसे शाखेतली आहेत म्हणून त्यांना वगळू नका, प्रत्येकाच्या घरी स्वतः जाऊन बोलावणे करा. येतील ते येतील. पाठातल्या रतन सुत्तात कुठे अडखळलात तर थांबून पुन्हा म्हणा. मला दिवस आणि वेळ कळवा. सकाळच्या एसटीने मी येईन आणि तुमच्या मागोमाग म्हणेन.